गार पाण्याचे चार नमुने

पांढऱ्या कापडातून उतरायला रंगच नसतो. कापड रंगवायच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. तरीही आजोबा ते ओलं फडकं खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. फडकं पांढरंच होतं, जुन्या चादरीचं फाडलेलं. त्याच्या मधोमध बिनदुधाच्या कडक चहासारखा डाग होता आणि डागाच्या कडेला तांबूस झाक.

मागे पलंगावर त्यांची अकरा महिन्यांची नात पडली होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण जागी असली की ती एका जागी म्हणून ठरायची नाही. आज ती ठरली होती. डोळे अर्धे उघडे, ओठ कागदासारखे आणि छाती मात्र भराभरा वरखाली.

"म्हणजे रंग लंगोटाचा नव्हता," आजोबा स्वतःशीच म्हणाले.

आता हे प्रकरण नीट कळायचं तर सोमवारपर्यंत मागे जायला हवं.

नातीसाठी आजोबांनी आपल्या हातानं बारा लंगोट रंगवले होते. डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग, मऊ जुनं सुती कापड. हा रंग कापडाला धरून राहावा म्हणून आधी कापड तुरटीच्या पाण्यात घालावं लागतं. या खेपेला तुरटी कमी पडली. दुकान चार पावलांवर होतं, पण गुडघे दुखत होते. 'लंगोटच तर आहेत, कोण बघतंय!' असं म्हणून आजोबांनी आहे तेवढ्यात भागवलं. आयुष्यभर दुसऱ्यांना ज्या कामचुकारपणावरून त्यांनी झापलं, तोच स्वतः केला आणि कुणाला सांगितलं नाही.

रविवारी ते लंगोट वापरायला काढले. सोमवारी सकाळी पाणी तापवायचा हिटर बंद पडला, म्हणून आजोबांनी भिंगरीला नळाच्या गार पाण्यानं पुसून काढलं. दिवस थंडीचे होते, पोर कळवळून रडली. दोन तासांनी लंगोट सोडला तर आत तपकिरी डाग.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. दुसऱ्या कुणाच्या मनात आलं असतं की पोरीला काही झालं का. आजोबांच्या मनात पहिली आली ती तुरटी. डाळिंबाच्या रंगाला लोखंडाचा गंज लागला की तो काळपट पडतो, हे त्यांना पाठ होतं. नळ जुना, पाइप गंजके. कच्चा रंग सुटला, त्याला गंजाचं पाणी लागलं आणि डाग पडला. हिशेब कसा चपखल जुळला.

संध्याकाळी सून कामावरून आली. ती बसस्थानकावर तिकीटखिडकीत बसायची, दिवसभर माणसांशी हुज्जत घालून घरी येताना तिची जीभ चांगली धारदार झालेली असे. दोरीवरचा लंगोट बघून ती हसली.

"काय बाबा, रंग उतरला वाटतं! कारखान्यात असतात तर साहेबांनी कापडाचं अख्खं थानच अंगावर फेकलं असतं."

चेष्टाच होती ती. पण आजोबांच्या ती काट्यासारखी रुतली. त्यांनी ठरवलं, हा रंग आपण पक्का करून दाखवायचा, तोही हिला कळू न देता. कच्चा रंग कोमट पाण्यात सुटतो, गार पाण्यात गप्प बसतो. म्हणून मंगळवारी हिटर दुरुस्त होऊन आला तरी त्यांनी भिंगरीला गार पाण्यानंच पुसलं. लंगोटही गार पाण्यात पिळून, दमट असतानाच बांधला. अंगाच्या उबेनंसुद्धा रंग सुटू नये म्हणून.

त्याचा डाग सोमवारच्यापेक्षा गडद निघाला. बुधवारचा त्याहून गडद.

सून घरी यायच्या आत ते डाग धुऊन टाकायचे. रात्रीच्या लंगोटात डाग जवळजवळ नसायचाच, त्यामुळे तिला काही दिसलं नाही. बुधवारी ती म्हणाली, "बाबा, ही मलूल का हो झालीय? परवाच्या सर्दीतून अजून उठली नाही का?" दहा-बारा दिवसांपूर्वी भिंगरीला सणकून सर्दीताप येऊन गेला होता. "दात येतायत गं," आजोबा म्हणाले.

गुरुवारी पिवळे लंगोट सगळे दोरीवर ओले होते. सुनेनं कामावर जाता जाता जुन्या चादरीचं पांढरं फडकं बांधलं. ती गेल्यावर आजोबांनी नेमानं गार पाण्यानं नात पुसली, तेच फडकं पुन्हा बांधलं. आणि आता अकरा वाजता ते फडकं त्यांच्या हातात होतं.

त्यांनी सुनेला फोन लावला. "खिडकी बंद कर आणि सरळ मोठ्या दवाखान्यात ये. मी पोरीला घेऊन निघालोय."

"बाबा, झालंय काय?"

"ये तू."

पिशवीत त्यांनी ते फडकं घातलं, दुधाची बाटली घातली आणि एक जाडजूड वही घातली. वही का घेतली ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. कारखान्यातली ती सवय होती. प्रत्येक घाणीचा, म्हणजे कढईतून निघालेल्या प्रत्येक खेपेचा एक तुकडा कातरून वहीत टाचायचा, बाजूला लिहायचं, पाणी कसं होतं, किती वेळ ठेवलं, काय निघालं. काम बिघडलं तर पान उलटायचं, चूक तिथंच सापडते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ती सवय सुटली नव्हती; या चार दिवसांचेही चार तुकडे त्यांनी तसेच टाचले होते, आजचा पांढरासुद्धा.

* * *

दवाखान्यातल्या मुलांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बारीक चणीच्या, बोलायला झटपट. त्यांनी भिंगरीचा तळहात आपल्या तळहातावर ठेवून पाहिला, पापणी खाली ओढून पाहिली, छातीला नळी लावली, बोट टोचून एका थेंबात रक्त मोजलं आणि त्यांचं बोलणं एकदम हळू झालं. बाई हळू बोलायला लागल्या तशी आजोबांची पाचावर धारण बसली.

"आई कुठंय हिची?"

"मी, मी," म्हणत सून धापा टाकत आली. तिच्या गळ्यात अजून तिकीटखिडकीचं ओळखपत्र लटकत होतं.

"ताई, हिच्या अंगात रक्त फार कमी झालंय. अकराच्या आसपास असायला हवं, ते चार आहे. एवढं थोडं रक्त सगळीकडे पोचवायला हृदय दुप्पट पळतंय. ते असं फार वेळ पळू शकत नाही. आपल्याला हिला रक्त द्यायला हवं, आणि लवकर."

"पण रक्त गेलं कुठं? पडली नाही, लागलं नाही!"

"बाहेर नाही गेलं. आतल्या आत फुटतंय." डॉक्टरीणबाईंनी पिशवीतलं ते फडकं उलगडून उजेडात धरलं. "रक्तात लाल रंगाच्या बारीक पेशी असतात. त्या फुटल्या की तो रंग लघवीतून बाहेर पडतो. हा तोच आहे. मागे ताप येऊन गेला का हिला?"

"दहा-बारा दिवस झाले. सर्दी होती."

"मग बहुतेक तिथूनच. विषाणू आला की शरीर त्याला मारायला हत्यारं तयार करतं. विषाणू जातो, हत्यारं राहतात. एखाद्या मुलात ती चुकून आपल्याच रक्तावर चालायला लागतात. आता मला सांगा, लघवीचा रंग असा कधीपासून?"

सुनेनं आजोबांकडे पाहिलं. दिवसभर पोर त्यांच्यापाशीच असायची.

आजोबांच्या पिशवीत वही होती. वहीत आजच्या आधीच्या तीन दिवसांचे तीन तुकडे होते.

"आज... आज सकाळी दिसला," ते म्हणाले.

हे खोटं नव्हतं म्हणावं, तर नव्हतं. पांढऱ्या फडक्यावर आजच दिसला होता. पण डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'आजपासून' असं लिहिलं, तेव्हा ते अक्षर आजोबांना आपल्याच छातीवर कोरल्यासारखं वाटलं.

भिंगरीच्या हातातून रक्त काढायचं होतं. शीर सापडेना. सिस्टरनं दोनदा सुई घातली, तिसऱ्यांदा पायात घातली तेव्हा नळीत दोन बोटं रक्त आलं. पोर रडलीसुद्धा नाही, नुसती कण्हली. ते सुनेला रडण्याहून वाईट वाटलं. नळी स्टीलच्या थंडगार ट्रेमध्ये घालून रक्तपेढीत गेली.

वीस मिनिटांत परत निरोप आला. रक्तपेढीच्या बाई स्वतःच जिना उतरून आल्या. जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज खणखणीत.

"डॉक्टर, नमुना वाया गेलाय. वरचं पाणी पिवळं असायला हवं ते लालभडक आहे. सुईनं ओढताना पेशी फुटल्या असणार. यावर मी गट कसा जुळवू? दुसरा द्या."

"दुसरा?" सून ताडकन उठली. "आहे तेच चार म्हणता, त्यातलं अजून काढणार? ही काय विहीर आहे का हो?"

"ताई, मला काय हौस आहे का?" रक्तपेढीच्या बाई म्हणाल्या, पण रागावून नाही. "चुकीचं रक्त चढलं तर पोर हाती लागणार नाही. म्हणून मागतेय."

दुसऱ्यांदा सुई घातली. दुसरी नळी गेली. डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या, आणि म्हणूनच सगळ्यांचं लक्ष त्या घड्याळाकडे जात होतं. पलंगाशेजारच्या यंत्रावर हृदयाच्या ठोक्यांचे आकडे पळत होते, एकशे ऐंशी, एकशे पंच्याऐंशी. भिंगरीच्या नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुलत होत्या.

दुसरा निरोपही तोच. हाही नमुना लाल.

"दोन दोन वेळा कसा फुटेल?" डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "सिस्टर, तुम्ही काही नवीन नाही आहात." त्या जिन्याकडे निघाल्या, मग दारातूनच वळल्या. "तापही चढतोय तिचा. एकशे दोन झालाय. अंग पुसून घ्या, ताप उतरला तर हृदयाला तेवढाच आराम. मी वर जाऊन बघून येते."

सून फोनवर होती. नवरा मालाचा ट्रक घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर गेला होता. "अहो, तुम्ही गाडी नीट चालवा आधी," ती दातओठ खात सांगत होती, "इथं मी आहे. बाबा आहेत. रडू नका, रस्त्यावर बघा."

बाबा आहेत. आजोबांनी ते ऐकलं.

सिस्टर कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. नळ सोडला. पाण्याचा आवाज आला आणि आजोबांनी मान वर केली. तिनं फडकं बुडवलं, पिळलं, आणि ते घेऊन पलंगाकडे आली. भिंगरीचा सदरा वर केला.

आजोबा बसल्या जागी थिजले होते. गेले चार दिवस रोज सकाळी असेच ते नळापाशी उभे असत. तेच पाणी, तेच फडकं. मग दोन तास, मग डाग. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. कारखान्यात चार घाणी एकसारख्या बिघडल्या, तर चारही वेळा जे सारखं केलं तिथं बघायचं, हे ते नव्या पोरांना शिकवत आले होते. डाग प्रत्येक वेळी आधीपेक्षा गडद होता. कापड तर आज बदललंच होतं. मग चारही वेळा सारखं काय होतं?

फडकं पोरीच्या छातीपासून वीतभर उरलं.

"थांबा!" आजोबा असे ओरडले की शेजारच्या पलंगावरची बाई दचकली. त्यांनी सिस्टरचं मनगट धरलं. "गार पाणी नको. हात लावू नका तिला त्या पाण्याचा!"

"अहो आजोबा, हात सोडा! डॉक्टरांनी सांगितलंय."

"बाबा, काय करताय!" सुनेच्या हातून फोन खाली आला. "ताप आहे तिला!"

"डॉक्टरांना बोलवा. आधी बोलवा. मग मला काय करायचं ते करा."

जिन्यात असलेल्या डॉक्टरीणबाई आरडाओरडा ऐकून परत आल्या. आजोबांनी सिस्टरचा हात सोडला. पिशवीतून वही काढली. या आठवड्याचं पान काढलं. मग त्यांनी उघडी वही डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली.

"मी खोटं बोललो. आजपासून नाही, सोमवारपासून."

पानावर चार कापडी तुकडे टाचणीनं टोचलेले होते. तीन पिवळ्या कापडाचे, एक पांढऱ्या. प्रत्येकाशेजारी बारीक, कोरीव अक्षर.

सोमवार. सकाळी नऊ. हिटर बंद. नळाच्या गार पाण्यानं पुसलं. अकरा वाजता: फिका चहा. दुपारी तीन: उतरला. रात्री: स्वच्छ.

मंगळवार. सकाळी नऊ. गार पाणी, लंगोट दमट. अकरा वाजता: चहा. दुपारी चार: फिका. रात्री: स्वच्छ.

बुधवार. गार पाणी, दोनदा पुसलं. अकरा वाजता: कडक चहा. रात्री: फिका.

गुरुवार. गार पाणी. अकरा वाजता: कडक चहा, तांबूस कड. कापड पांढरं.

डॉक्टरीणबाईंनी पान वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग त्यांनी बोट प्रत्येक ओळीवरून आडवं नेलं, गार, गार, गार, गार.

"हे तुम्ही का लिहून ठेवलंत?"

"मला वाटलं, रंग माझा उतरतोय. तुरटी कमी घातली होती. गार पाण्यात रंग बसतो, म्हणून मी मुद्दाम..." त्यांनी सुनेकडे बघायचं टाळलं. पण कान बंद करता येत नाहीत.

"चार दिवस," सून म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली होता. "चार दिवस थंडीत माझ्या पोरीला गार पाण्यानं. आणि मला म्हणालात, दात येतायत."

"ताई, नंतर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भांडण नंतर. सिस्टर, ते भांडं बाजूला करा. गरम दुलई आणा, टोपी, पायमोजे. खोलीतला हिटर लावा. ताप औषधानं उतरवू, पाण्यानं नाही." मग त्यांनी फोन उचलला आणि रक्तपेढीला म्हणाल्या, "बाई, तुमचा नमुना सुईनं नाही फुटला. तो वाटेत गार झाला म्हणून फुटलाय; तिच्या अंगातली ती हत्यारं गारव्यानंच जागी होतात. थर्मासमध्ये अंगाइतकं कोमट पाणी घेऊन खाली या. आता नळी तुमच्या हातातून थर्मासमध्ये आणि तिथून थेट यंत्रात. एक क्षण गार होऊ द्यायची नाही."

तिसऱ्यांदा सुई. या वेळी सुनेनंच भिंगरीचं पाऊल दोन्ही हातांत धरून उबवलं, आणि पहिल्या फटक्यात शीर सापडली. रक्तपेढीच्या बाईंनी दोन नळ्या भरल्या, दोन्ही थर्मासमध्ये सोडल्या आणि एवढ्या जाड्या असून दोन दोन पायऱ्या गाळत जिना चढल्या.

* * *

डॉक्टरीणबाईंनी आजोबांना वर पाठवलं. "तुम्ही इथं बसून काही होणार नाही, आणि ताईंना जरा मोकळं राहू दे. बाईंना काही लागलं तर निरोप आणा." हे त्यांनी कशासाठी केलं ते आजोबांना कळलं. ते गेले.

रक्तपेढीच्या काचेच्या भिंतीबाहेर बाक होता. आत बाई काम करत होत्या. एका नळीतलं रक्त त्यांनी यंत्राला दिलं, दुसऱ्यातलं दोन छोट्या नळ्यांत वाटलं. एक नळी त्यांनी बर्फात खोचली. दुसरी कोमट पाण्यातच ठेवली. थोड्या वेळानं बर्फातलीही काढून कोमट पाण्यात घातली. मग काचेशी येऊन म्हणाल्या, "काय आजोबा, तुम्ही रंगारी ना? मग हे तुम्हाला माझ्या साहेबांपेक्षा लवकर कळेल. रक्त एकच, कापड एकच म्हणा हवं तर. एकाला आधी गार दाखवलं, एकाला नाही. बघू कोण रंग सोडतं."

"किती वेळ?"

"तासभर. पण पोरीसाठी थांबायचं नाही. कोमट ठेवलेल्या नमुन्यावर गट स्वच्छ लागला, पिशवी जुळवायला घेतलीय."

आजोबा बाकावर बसले. आयुष्यात त्यांनी कितीतरी कढयांपाशी बसून वाट पाहिली होती. पण तिथं बिघडून बिघडून एक थान बिघडायचं.

जिन्यात पावलं वाजली. सून वर आली होती. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून.

"डॉक्टरांनी पाठवलं. पिशवी कधी येते ते विचारा म्हणाल्या," ती म्हणाली. काचेकडे बघत. "हृदय एकशे नव्वद झालंय."

आजोबा काचेतून आतल्या नळ्यांकडे बघत राहिले.

"मी विचारत होते तुम्हाला. बुधवारी विचारलं. तुम्ही नुसतं म्हणाला असतात, की अगं, रंग येतोय, काय आहे कळत नाही. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"तू थानाचं बोललीस ना," आजोबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पांढरे केस झाले तरी माणूस असं कारण देतो.

"म्हणजे माझीच चूक?"

"नाही. माझी. मला फक्त माझी तुरटी दिसत होती. पोर दिसली नाही."

आतून टकटक झाली. रक्तपेढीच्या बाई एक लाल पिशवी छातीशी धरून बाहेर आल्या. "जुळलं. चला, वाट सोडा!" आणि पिशवी अंगावरच्या शालीत गुंडाळून त्या जिन्याकडे धावल्या. सून त्यांच्या मागे. आजोबांचे गुडघे त्या दिवशी दुखायचं विसरले.

पिशवीतून निघालेली नळी सरळ भिंगरीकडे गेली नाही. मध्ये एक छोटं यंत्र होतं, नळी त्यात वेटोळी घालून कोमट होऊन बाहेर यायची. डॉक्टरीणबाई प्रत्येक थेंब मोजत असल्यासारख्या उभ्या होत्या. "हळूहळू. घाई केली तर हृदयावर भार येईल. पहिली पंधरा मिनिटं महत्त्वाची. हे रक्तही तिचं शरीर फोडतंय का, ते बघायचंय."

पाच मिनिटं. एकशे नव्वद. दहा मिनिटं. एकशे ब्याण्णव. सुनेनं आपला अंगठा भिंगरीच्या मुठीत दिला होता. पंधरा. एकशे नव्वद. अर्ध्या तासानं एकशे ऐंशी झालं. तासाभरानं एकशे पासष्ट, आणि भिंगरीनं तो अंगठा, अगदी थोडा, पण दाबला.

"दाबला!" सून म्हणाली. "अहो, दाबला हिनं!" तेव्हा कुठं ती रडली.

त्याच वेळी रक्तपेढीच्या बाई दोन छोट्या नळ्या घेऊन आल्या. कोमट राहिलेलीचं वरचं पाणी फिकं पिवळं होतं. आधी गार झालेलीचं लाल. त्यांनी त्या डॉक्टरांच्या आधी आजोबांसमोर धरल्या. आजोबांनी वाकून पाहिल्या. त्यांना काही विचारायचं राहिलं नव्हतं.

"तुमच्या वहीनं आज हिला वाचवलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तीन दिवस आधी आली असती तर ही वेळच आली नसती. दोन्ही खरंय, आजोबा, मी तुम्हाला एकच सांगून पाठवणार नाही. आजार तुम्ही दिला नाही. तो त्या सर्दीनं दिला. गार पाण्यानं त्याला फावलं. हा आजार बहुतेक मुलांत आला तसा जातो, काही आठवड्यांत ती हत्यारं आपोआप संपतात. तोवर हिला थंडी लागता कामा नये. वाऱ्याचीसुद्धा."

* * *

भिंगरी सहा दिवस दवाखान्यात राहिली. आजोबा रोज यायचे, पण दारातच उभे राहायचे. डबा द्यायचे, बाटल्या धुवायचे, आणि पोरीला हात लावायची वेळ आली की काहीतरी काम काढून बाहेर जायचे. दोन दिवसांच्या वाटेवरून आलेला मुलगा म्हणाला, "बाबा, घ्या ना तिला," तर म्हणाले, "हात गार आहेत माझे." राग निवायला सुनेला तिचा वेळ हवा होता, आणि आजोबांनी तिला घाई केली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. भिंगरी टोपी ओढून काढायच्या खटपटीत होती. आजोबा बाटली घेऊन दारात उभे.

"आत या," सून म्हणाली. "दार लावून घ्या, वारा येतो."

ते आत आले. तिनं नुकताच सोडलेला पिवळा लंगोट उलगडून त्यांच्यासमोर धरला. "बघा. मला रंगातलं कळत नाही."

आजोबांनी चष्मा पुसला. "उजेडात धर."

तिनं खिडकीशी धरला. त्यांनी वाकून पाहिलं, कापड उलटं करून पाहिलं, कड बोटांत चुरगळून पाहिली.

"काही नाही यात. कापडाचाच रंग आहे. तोही विटलेला."

"तो तर पहिल्याच धुण्यात विटला होता. माझा पांढरा सदरा पिवळा करून ठेवला त्यानं. मला काय दिसलं नव्हतं का?"

"मग बोलली नाहीस ती?"

"बारा लंगोट आपल्या हातानं रंगवणारा माणूस, त्याला काय बोलायचं!" ती म्हणाली. मग तिनं पिशवीतून वही काढली, छोटी कातर काढली. "कापा. चार टोचलेत ना, पाचवा टोचा. डॉक्टर मागतायत."

आजोबांनी कातर घेतली. तुकडा वाकडा कापला गेला. टाचणी त्यांनी कशीबशी टोचली. लिहिणं काही जमेना, तेव्हा सुनेनं पेन घेतलं.

"पाणी?"

"कोमट," आजोबा म्हणाले.

"हात?"

आजोबांनी हात मागे घेतले. सुनेनं लिहिणं थांबवलं. पलंगावरची गरम पाण्याची रबरी पिशवी उचलून तिनं त्यांच्या दोन्ही हातांत दिली, आणि त्यांचे हात उबदार होईपर्यंत ती पेन धरून थांबली. मग भिंगरीला उचलून त्यांच्याकडे दिलं.